मासेमारीचा कयाक : निवड आणि वापर

गळ टाकून मासे धरणाऱ्या मनुष्याला दोन्ही हात मोकळे लागतात. लहान होडी वल्हविणाऱ्यालाही दोन्ही हात लागतात. एकाच मनुष्याने, एकाच होडीत बसून, ही दोन्ही कामे करावयाची म्हटली की जी अडचण उभी राहते, तीच मासेमारीच्या कयाकाची मुख्य अडचण होय. वल्हे हातात असेपर्यंत वल्हविणारा आपला तोल वल्ह्याच्या आधाराने सांभाळीत असतो. होडी एका बाजूस कलू लागली की त्या बाजूचे पाते पाण्यावर दाबावयाचे, म्हणजे ती सावरते. काठी टेकून चालणाऱ्याप्रमाणे हा आधार त्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की आपण तो घेत आहोत याचे त्याला भानही राहत नाही. परंतु मासा गळाला लागला की वल्हे बाजूस ठेवावे लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी पाण्यातून एक जीव दोरी ओढू लागतो. आधार सुटणे आणि धक्का बसणे ही दोन्ही एकदमच घडतात. कयाक निवडताना लांबी, रुंदी, वजन, आसन इत्यादी ज्या गोष्टींचा विचार करावयाचा असतो, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका क्षणात आहे.

कयाक म्हणजे दोन्ही टोकांस निमुळती असलेली, अरुंद व हलकी होडी. तीत बसणारा पाय पुढे पसरून व तोंड जाण्याच्या दिशेस करून बसतो. त्याचे वल्हे होडीस जोडलेले नसते. त्याच्या दोन्ही टोकांस पाती असतात व ती आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूस पाण्यात बुडविली जातात.

उत्तर ध्रुवप्रदेशातील शिकाऱ्यांची होडी

या होडीचा जन्म ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि अल्यूशियन बेटे यांच्या किनाऱ्यांवर झाला. तेथील लोकांना पूर्वी पुस्तकांतून सरसकट ‘एस्किमो’ म्हणत. ग्रीनलंड व कॅनडा येथील लोक स्वतःस इन्युइट म्हणवितात, आणि आता तेच नाव रूढ झाले आहे. त्यांच्या प्रदेशात होडीजोगे झाड उगवत नाही. समुद्रप्रवाहांबरोबर दूरच्या नद्यांच्या मुखांतून वाहत आलेले लाकूड किनाऱ्यावर वेचावयाचे, त्याचा सांगाडा खिळा न मारता चामड्याच्या वाद्यांनी बांधावयाचा, आणि त्यावर सीलचे कातडे ओले असतानाच ताणून शिवावयाचे, अशी कयाक बांधण्याची रीत होती. शिवण्याचे काम स्त्रियांचे. सुई कातड्याच्या आरपार न जाऊ देता अर्ध्या जाडीतूनच फिरवीत, म्हणून टाक्यांतून पाणी झिरपत नसे. पुरुषाचे प्राण या शिवणीवर अवलंबून असत.

कयाक ज्याचा त्याच्या अंगाच्या मापाने बांधला जाई. ग्रीनलंडमधील मापाचा एक प्रसिद्ध ठोकताळा असा आहे : लांबी मालकाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट, आणि रुंदी त्याच्या कमरेइतकी अधिक दोन मुठी. म्हणजे होडी पाच मीटरांच्या आसपास लांब, आणि रुंदीला जेमतेम अर्धा मीटर किंवा किंचित अधिक. एवढ्या अरुंद होडीत वाटेल त्याने बसून चालत नसे. दुसऱ्याचा कयाक हा दुसऱ्याच्या जोड्यासारखाच निरुपयोगी. मांड्या, गुडघे आणि कंबर होडीस आतून घट्ट टेकलेली असत, आणि होडी कलली की शिकारी कमरेच्या झोकाने तिला सावरी.

या अरुंद होडीतून सीलची शिकार होई, तशीच मासेमारीही होई. अल्यूशियन बेटांतील अल्यूत लोक खोल पाण्यात गळ सोडून हॅलिबट नावाचा चपटा मासा धरीत. हॅलिबट शंभर किलोग्रॅमहूनही अधिक वाढू शकतो. स्वतःहून जड व जिवंत असा मासा कमरेएवढ्या रुंदीच्या होडीजवळ आणावयाचा, ही कल्पनाच आजच्या हौशी मासेमाराला घाम फोडील. मग हे लोक वल्हे ठेवून हात मोकळे कसे करीत? ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने त्यावर एक साधी युक्ती शोधलेली होती. कयाकाच्या पाठीवर आडव्या वाद्या ताणलेल्या असत. त्यांखाली वल्ह्याचे एक टोक सरकवावयाचे आणि दुसरे टोक बाजूस काढून त्याचे पाते पाण्यावर आडवे पडू द्यावयाचे. वल्हे हातातून गेले तरी आधार म्हणून पाण्यावर राहतच असे. कोकणातील होडीला बाजूस लाकडी ओंडका जोडतात, त्याला उलांडी म्हणतात. ती आणि हे वल्हे यांचे कार्य एकच.

तथापि युक्ती कितीही चांगली असली तरी भय उरतच असे. डॅनिश वैद्यांनी ग्रीनलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात एका विलक्षण विकाराची नोंद केली. त्यास ‘कयाकभय’ असे म्हणता येईल. हा विकार वादळात होत नसे. समुद्र आरशासारखा निश्चल आहे, सूर्य समोरून तळपत आहे, आणि शिकारी एकटाच, हालचाल न करता, वाट पाहत बसला आहे, अशा वेळी तो उद्भवे. कयाक पाण्याने भरत आहे, किंवा एका बाजूस कलत आहे असे त्याला वाटू लागे. भीतीने शरीर ताठरे व वल्हे उचलवेनासे होई. वाऱ्याने पाण्यावर लहरी उठल्या किंवा सोबतीचा कयाक जवळ आला की विकार ओसरे. आभाळ आणि पाणी यांतील रेषाच दिसेनाशी झाली म्हणजे तोल राखण्यासाठी डोळ्यांना कशाचा तरी आधार लागतो, तो मिळत नाही, असे याचे एक स्पष्टीकरण देण्यात येते. चांगले अनुभवी शिकारीसुद्धा या विकारापायी समुद्रावर जाणे कायमचे सोडून देत. शांत पाणी म्हणजे निर्भय पाणी नव्हे, ही गोष्ट तेथील लोकांना वैद्यांच्या आधीपासून ठाऊक होती.

कयाक उलटलाच तर त्यातून बाहेर न पडता, वल्ह्याच्या एका झटक्याने पुन्हा सरळ होण्याची कला इन्युइट शिकारी लहानपणापासून शिकत. ऑस्ट्रियाच्या हान्स पाव्लाटा यांनी १९२७ मध्ये केवळ वर्णने वाचून ती साध्य केली, आणि युरोपात तिचा प्रसार झाला. इंग्रज संशोधक जीनो वॉटकिन्स यांनी १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या लोकांकडून ती प्रत्यक्ष शिकून घेतली, आणि सीलची शिकार करून सहकाऱ्यांना मांस पुरविण्याइतके ते निष्णात झाले. २० ऑगस्ट १९३२ रोजी ते नेहमीप्रमाणे एकटेच शिकारीस गेले. सहकाऱ्यांना त्यांचा रिकामा कयाक तरंगताना सापडला. विजार आणि कयाकाचा पट्टा जवळच बर्फाच्या एका तुकड्यावर होता. वॉटकिन्स सापडले नाहीत. त्यांचे वय त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. कौशल्यात ते उणे नव्हते, परंतु सोबतीला त्या दिवशी कोणी नव्हते.

रुंदी आणि स्थैर्य

होडी कलल्यावर पुन्हा सरळ का होते, याचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौकाविषयक ग्रंथात केला. होडीचे व तीतील मनुष्याचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचा वर रेटणारा जोर होडीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर जातो. होडी सरळ असताना दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. ती कलली की खाली गेलेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात शिरतो, आणि वर रेटणाऱ्या जोराचा मध्य त्या बाजूस सरकतो. तो गुरुत्वमध्याच्या पलीकडे गेला तर होडी सरळ होते. अलीकडेच राहिला तर उलटते.

हा मध्य किती सरकेल हे मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते, आणि तेही साध्या प्रमाणात नव्हे, तर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. बाकी सर्व तेच ठेवून रुंदी ६० सेंटिमीटरांची ७५ केली, म्हणजे सव्वापट केली, तर सावरण्यास कारण होणारी ही गोष्ट जवळजवळ दुप्पट होते. पंचाहत्तराचे नव्वद सेंटिमीटर केले तर ती पुन्हा पावणेदोन पटींच्या जवळ जाते. मासेमारीसाठी म्हणून जे कयाक आज विकले जातात ते बहुधा ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद का असतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. जुन्या शिकाऱ्याने तोल कमरेत ठेविला होता. नव्या कारागिराने तो होडीच्या रुंदीत ठेविला आहे.

मात्र रुंदीने मिळविलेले स्थैर्य उंचीने गमावता येते. आसन दहा सेंटिमीटर उंच केले की बसणाऱ्याचा गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो. अलीकडील मासेमारी कयाकांत खुर्चीसारखी उंच आसने असतात. त्यांवर बसणे सुखाचे असते, लांबवर दिसते, गळ फेकणे सोपे जाते. पण याचे मोल स्थैर्यात मोजावे लागते. उभे राहून गळ फेकावयाचा असेल तर गुरुत्वमध्य फारच वर जातो. त्यासाठी नव्वद सेंटिमीटरांच्या जवळपास रुंदी आणि सपाट तळ यांशिवाय गत्यंतर नाही. ज्याला उभे राहावयाचेच नाही त्याने एवढी रुंदी विकत घेणे व्यर्थ होय.

रुंद व सपाट तळाचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेविला पाहिजे. विल्यम फ्रूड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये दाखवून दिले की, लाटांवरील जहाज क्षितिजाशी समांतर राहण्याचा प्रयत्न करीत नसून लाटेच्या उतरत्या पृष्ठभागाशी समांतर होऊ पाहते. होडी जितकी रुंद व सपाट, तितकी ही ओढ बळकट. तलावाच्या सपाट पाण्यावर जो तळ टेबलासारखा स्थिर वाटतो, तोच आडव्या लाटेवर तिच्या उताराबरोबर कलतो. गोलसर व अरुंद तळाची होडी प्रथम बसताना डळमळते, परंतु लाट तिच्याखालून जात असताना बसणाऱ्याला ती सरळ ठेवता येते. त्यामुळे तलावासाठी आणि खुल्या समुद्रासाठी एकच कयाक उत्तम ठरेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

लांबी, वेग आणि परतीचा हिशेब

फ्रूडनेच पुढे इंग्लंडमधील टॉर्की येथे १८७२ मध्ये खास हौद बांधवून, नमुन्याची लहान जहाजे ओढून, पाण्याच्या विरोधाचे नियम पडताळून पाहिले. चालणारी होडी आपल्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, लाट उत्पन्न करते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते, आणि ती होडीच्या लांबीएवढी झाली की होडी जणू स्वतःच केलेला चढ चढू लागते. ज्या वेगाला हे घडते, त्याचा अंदाज करण्याची रीत सोपी आहे : पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरांत घ्यावी, तिच्या वर्गमुळास साडेचारांनी गुणावे, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. तीन मीटरांच्या होडीस हा आकडा पावणेआठ, तर पाच मीटरांच्या होडीस सुमारे दहा येतो. सामान्य मनुष्य तासन्‌तास वल्हवितो तो ताशी चार ते सहा किलोमीटरांच्या वेगाने. म्हणून लांबीचा लाभ फार वेगाने जाण्यात नसतो. ठराविक वेगाला श्रम कमी पडणे आणि होडीने सरळ रेषेत चालणे, हा तो लाभ होय. आखूड होडी दर फटक्यास डावी-उजवीकडे वळते. उलट, झाडाझुडपांनी भरलेल्या तलावात किंवा अरुंद ओढ्यात हेच वळणे सोयीचे असते. तेथे तीन-साडेतीन मीटर लांबी पुरते. खाडी, मोठे जलाशय आणि समुद्र यांसाठी चार मीटर किंवा थोडी अधिक लांबी घ्यावी.

हा विचार केवळ सुखसोयीचा नाही. समजा, एकजण शांत पाण्यात ताशी पाच किलोमीटर जातो आणि किनाऱ्यापासून तीन किलोमीटर दूर आला आहे. वारा नसेल तर परतण्यास छत्तीस मिनिटे पुरतील. समोरून वारा सुटून त्याने ताशी दोन किलोमीटर खाल्ले तर एक तास लागेल. ओहोटीने आणखी दोन खाल्ले तर तीन तास. आणि थकव्यामुळे त्याचा स्वतःचा वेग ताशी एक किलोमीटरने उतरला, तर तो परतणारच नाही. जागच्या जागी वल्हवीत राहील.

कयाकाची पारख

आज बाजारात दोन जाती मिळतात. एकीत मूळ कयाकाप्रमाणे आत बसावयाचे असते. दुसरी वरून बंद असून तिच्या पाठीवर बसावयाचे असते. दुसरी जात युरोप-अमेरिकेस नवीन वाटली तरी भारतीय किनाऱ्यास ती कल्पना मुळीच नवीन नाही. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम्’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके एकत्र बांधून केलेल्या कट्टुमरमवर कोरोमंडल किनाऱ्याचे मच्छिमार कित्येक पिढ्या फुटत्या लाटांतून ये-जा करीत आले. मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा नौकांचे सविस्तर विवेचन आहे. कट्टुमरममध्ये पाणी भरू शकत नाही, कारण ते साठावयास पोकळीच नसते. लाट वरून येते आणि फटींतून निघून जाते. पाठीवर बसावयाच्या कयाकात हेच काम आरपार असलेली निचऱ्याची छिद्रे करतात. बसण्याची जागा बाहेरील पाण्याच्या पातळीहून थोडी उंच ठेविलेली असते, म्हणून वर आलेले पाणी आपोआप निघून जाते. भार फार झाला की मात्र हीच छिद्रे पाणी वर घेऊ लागतात. भारताच्या उष्ण हवेत आणि नवशिक्याच्या हाती ही जात अधिक योग्य, कारण उलटल्यावर तिच्यात अडकण्याची भीती नाही व पाण्यातून पुन्हा वर चढणे शक्य असते. थंड प्रदेशात अंग कोरडे ठेवण्यासाठी आत बसावयाच्या कयाकाचे महत्त्व अजूनही आहे.

हे कयाक बहुधा पॉलिएथिलीन या प्लास्टिकचे असतात. पोकळ धातूच्या साच्यात प्लास्टिकची भुकटी घालतात आणि साचा भट्टीत दोन अक्षांभोवती सावकाश फिरवितात. वितळलेले प्लास्टिक आतील बाजूस सर्वत्र सारखे चिकटते, आणि थंड झाल्यावर सांधा नसलेली अखंड होडी निघते. खडकाचे घाव ते सोसते. शिवाय पाण्याहून किंचित हलके असल्याने स्वतः बुडत नाही. त्याचा शत्रू म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी ते वर्षानुवर्षे ठिसूळ होत जाते. जुना कयाक घेताना रंग फिका पडला आहे काय, आणि निचऱ्याच्या छिद्रांच्या कडांशी व आसनाखाली बारीक तडे आहेत काय, हे पाहावे.

अखंड होडी म्हणून तिच्यात पाणी शिरणारच नाही, अशी समजूत फार घातक ठरते. सामान ठेवण्याच्या झाकणांतून, गळाच्या काठीची खोबण बसविण्यासाठी पाडलेल्या भोकांतून, किंवा एखाद्या तड्यातून पाणी आतल्या पोकळीत हळूहळू शिरते. वर बसलेल्याला ते दिसत नाही. कयाक थोडा जड व सुस्त झाला एवढेच जाणवते. हे पाणी आत मोकळे असल्याने होडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस धावते आणि कलण्यास साहाय्य करते. अशा वेळी रुंदीचा सर्व हिशेब फोल होतो, आणि इतका वेळ स्थिर असलेली होडी अचानक उलटते. स्वतः नवीन भोके पाडणाऱ्या उत्साही मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

भारासंबंधी विक्रेता जो आकडा सांगतो तो बुडण्यापूर्वीचा समजावा, वापराचा नव्हे. मनुष्य, सामान, पाणी आणि मिळेल ती मासळी मिळून त्या आकड्याच्या दोनतृतीयांशाच्या आत राहिले तर होडी पाण्यावर नीट बसते. खुद्द कयाकाचे वजनही पाहिले पाहिजे. रुंद कयाक तीस-चाळीस किलोग्रॅमचे असतात. जो एकट्याने किनाऱ्यापर्यंत नेता येत नाही, तो काही दिवसांनी घरीच राहतो.

पायाने चालविण्याचे कयाक अलीकडे पुष्कळ झाले आहेत. त्यांत पायट्यांनी पंखा फिरतो, किंवा पेंग्विनच्या पंखांप्रमाणे दोन पाती पाण्याखाली डावी-उजवीकडे हलतात. आरंभी सांगितलेली हातांची अडचण यामुळे पुष्कळशी दूर होते, हे खरे. परंतु किंमत व वजन वाढते, उथळ पाण्यात पाती तळाला लागतात, आणि यंत्र बिघडल्यास वल्ह्यावरच यावे लागते. वल्हे जवळ न ठेवता निघणारा पायाचा कयाक कोणी वापरू नये. रुंद कयाकाला वल्हेही लांब लागते; २३० ते २६० सेंटिमीटर लांबीचे वल्हे बहुधा योग्य ठरते.

विकत घेण्यापूर्वी कयाक पाण्यात घालून पाहणे हीच खरी पारख. कमरेएवढ्या पाण्यात त्यावर बसावे, वल्हे दुसऱ्याच्या हाती द्यावे, मागे वळून एखादी वस्तू उचलावी, आणि मग मुद्दाम कलत कलत तो उलटेपर्यंत कलावे. काही कयाक कलताना आधी सूचना देतात, काही देत नाहीत. हा भेद कोणत्याही छापील माहितीत सापडत नाही.

पाण्यावर

निघण्यापूर्वी वाऱ्याची दिशा पाहावी. कोकणच्या मच्छिमारांस पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा हे दोन्ही परिचित आहेत. शिडाची होडी एकावर जाई व दुसऱ्यावर येई. कयाकाला मतलई वारा फसवा असतो. किनाऱ्याच्या आडोशास पाणी सपाट दिसते, होडी विनासायास पुढे जाते, आणि मासेमारीत गुंतलेल्याला आपण किती दूर आलो हे कळत नाही. परत फिरल्यावरच तो वारा तोंडावर लागतो. तलावात मात्र उपाय सोपा आहे : आरंभी वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर वारा घराकडे आणतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रावर अशी होडी नेऊच नये. नारळी पौर्णिमेपर्यंत ज्यांनी मोठ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेविल्या, त्यांना समुद्र अधिक ठाऊक होता. जलाशयांविषयीही एक सूचना आवश्यक आहे. अनेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने स्थानिक सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून आधी परवानगी विचारावी.

वाहत्या पाण्यात नांगर कधीही होडीच्या कुशीला बांधू नये. दोरी ताणली की प्रवाहाकडील कड खाली ओढली जाते, पाणी वर चढते, आणि होडी उलटण्यास काही क्षण पुरतात. नांगर नाळेला किंवा मागच्या टोकाला असावा. यासाठी कयाकाच्या कुशीने कप्पीवर फिरणारी दोरी लावतात, तिच्यामुळे बसल्या जागेवरून नांगराची कडी हव्या त्या टोकाकडे सरकविता येते. दोरी एका झटक्यात सुटेल अशीच बांधावी आणि तिला तरंगणारा बिरडा लावावा, म्हणजे नांगर टाकून जाता येईल व पुढे शोधताही येईल. सुरी हाताशी ठेवावी.

मोठा मासा लागला की त्याला आडवा ओढू देऊ नये. नाळ त्याच्याकडे वळवावी. माशाची ओढ लांबीच्या दिशेने असेल तर हलका कयाक त्याच्यामागे ओढला जातो, मासा त्यात थकतो, आणि होडी मात्र कलत नाही. जिताडा किंवा मरळ होडीजवळ आल्यावर मनुष्य साहजिकच वाकतो. वाकावे ते हाताने व मानेने. छाती होडीच्या कडेबाहेर जाऊ नये. पाकट आणि शिंगाळा यांना विषारी काटे असतात. मोठ्या होडीत ते तळावर टाकून दूर होता येते. कयाकात मासा थेट मांडीवर येतो, म्हणून हे मासे पाण्यातच दोरी कापून सोडून देणे शहाणपणाचे. आभाळात वीज दिसू लागली की गळाची काठी आडवी करून किनारा गाठावा. कार्बनच्या तंतूंची काठी वीज चांगली वाहून नेते, हे पुष्कळांना माहीत नसते.

उलटल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कयाक न सोडणे. फ्रिट्यॉफ नान्सेन यांची एक हकीकत याबाबतीत उद्‌बोधक आहे. उत्तर ध्रुवाकडून परतताना १२ जून १८९६ रोजी ते आणि यालमार योहानसेन फ्रान्झ योसेफ लँडजवळ बर्फावर उतरले होते. सर्व अन्न व बंदुका एकत्र बांधलेल्या दोन कयाकांत होत्या. दोरी सुटली आणि वारा कयाक घेऊन चालला. नान्सेन बर्फाळ पाण्यात उडी टाकून पोहू लागले. कयाक त्यांच्याइतक्याच वेगाने दूर सरत होते. अंग बधिर होत आले तरी मागे फिरणे म्हणजे मृत्यूच, म्हणून ते पोहत राहिले, आणि अखेरच्या बळाने वर चढले. रिकामी होडी वाऱ्याने पोहणाऱ्याच्या पुढे पळते. यास्तव पडताना एक हात कयाकावर किंवा त्याला बांधलेल्या वल्ह्यावर राहिला पाहिजे.

रुंद कयाक जसा सरळ असताना स्थिर, तसाच उलटा असतानाही स्थिर असतो. तो सरळ करण्यासाठी मध्यभागी जाऊन पलीकडची कड किंवा तेथील पट्टा धरावा आणि सगळे वजन मागे टाकून ओढावे. मग पाय मागे झाडीत शरीर पाण्यावर आडवे आणावे, पोट आसनावर येईपर्यंत स्वतःला ओढून घ्यावे, कमरेवर वळून बसावे, आणि शेवटी पाय आत घ्यावेत. घाईने गुडघा वर टाकणारा पुन्हा पडतो. हे सर्व तरंगी जाकीट अंगात असतानाच करावयाचे असते, म्हणून त्याचा सराव जाकीट घालूनच करावा. होडीत बांधून ठेविलेले जाकीट पडलेल्याच्या कामी येत नाही. उथळ व उबदार पाण्यात दहा-बारा वेळा हा प्रयोग केल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये. काश्मीर किंवा हिमाचलातील थंड तलावांत तर हवा उबदार आहे यावर विसंबणे चूक. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि थंड पाण्यात पडताच श्वास अनावरपणे आत ओढला जातो. कपडे हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी घालावयाचे असतात.

परत आल्यावर गोड्या पाण्याने कयाक धुवावा, सावलीत ठेवावा, आणि मागील बाजूचे बूच काढून आत शिरलेले पाणी बाहेर पडू द्यावे. हे पाणी भांड्यात धरून पाहावे. पेलाभर निघाले तर चिंता नाही; तांब्याभर निघाले तर ते कोठून आले हे सापडेपर्यंत तो कयाक पुन्हा पाण्यात घालू नये.